पोदेराचा अर्धा भोंगा

भाच्याने माझ्या दोन्ही कानांत फोनची पांढरी बोंडं खोवली आणि म्हणाला, मामा, आता डोळे मीट. गोव्यात, डिचोलीच्या माझ्या घराच्या बाल्कनीत मी जेवून आरामखुर्चीत पडलो होतो, डोळे तसेही मिटतच होते. फोनवर त्याने लावली ती मला जवळजवळ पाठ असलेली तबकडी. चार इंग्रजांच्या एका बँडची शेवटची. जुन्या फिती धुऊनपुसून ती म्हणे आता नव्याने काढली आहे आणि सगळं जग तिच्यावरून जीव ओवाळून टाकतंय. निघाली तेव्हा ह्याच जगाने तिला कचरा म्हटलं होतं. मीही म्हटलं होतं, आणि छापून म्हटलं होतं.

बँडचं नाव मी लिहिणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि नाव लिहिलं की लोक आपापली जुनी भांडणं काढून बसतात. मला इथे माझ्या एकाच भांडणाबद्दल सांगायचं आहे.

तर ऐकलं. इतकं स्वच्छ की गाणाऱ्याचे ओठ सुटताना ऐकू आले, ड्रमवाल्याचं स्टूल करकरलं तेही. आवाज बाहेरून येतच नव्हता, कपाळामागे कुठेतरी चालू होता, आणि मी पाळीच्या खाणीवरच्या धुळीपासून हरमलच्या माडांपर्यंत तरंगत जाऊन आलो. मग शेवटचं गाणं लागलं. त्यात एके ठिकाणी गिटार अचानक थांबते. एक श्वास घ्यावा एवढीच जागा. त्या जागेवर मी ह्या वयातही कान टवकारून वाट बघत होतो. काहीच आलं नाही. गिटार पुन्हा सुरू झाली आणि गाणं संपलं.

भाच्याने विचारलं, कसं वाटलं. मी म्हटलं, बरं आहे, पण पाववाला पोदेर नाही आला. त्याला वाटलं मी झोपेत बरळतोय. बोंडं काढून डबीत ठेवता ठेवता त्याने सहज सांगितलं, की आईला डाव्या कानाने आता काहीच ऐकू येत नाही, आणि उजव्या कानाचंही डॉक्टरने सांगितलंय, राहिलंय ते फार दिवस पुरायचं नाही. मशीनचाही उपयोग नाही म्हणाले.

त्याची आई म्हणजे माझी ताई. ताईची माफी मागायची राहिली होती. वीसेक वर्षं राहिली होती, कारण दर वर्षी मला वाटायचं, काय घाई आहे. चिठ्ठी लिहून हातात द्यावी अशी ती माफी नव्हती. तिने ती कानाने ऐकायला हवी होती.

*

मी सोळा वर्षांचा होतो आणि ताई एकवीसची. आमचं घर पेडण्याच्या बाजारापासून चालत अर्ध्या तासावर. बाबा मराठी शाळेत मास्तर. गोव्याच्या मुक्तीनंतर गावात शाळा आली तेव्हापासून ते तिथेच. त्यांना खडूचा जुना खोकला होता, त्यामुळे बाबा कुठे आहेत हे घरात कुणाला विचारावं लागत नसे. इंग्रजी गाणं त्यांच्या लेखी गाणंच नव्हतं. शेजारच्या ख्रिस्ती घरातून कधी तसलं काही ऐकू आलं की ते म्हणायचे, बघा रे, कुणाच्या म्हशीचं शेपूट दारात सापडलंय.

हरमलला आमची आत्या राहायची. त्या वर्षांत हरमलला परदेशी लोक येऊन राहत, आणि आत्याने आपली मागची खोली एका मुलीला दिली होती. एप्रिलमध्ये ताई आत्याकडे आंब्याची साटं आणि पापड करायला गेली आणि त्या मुलीशी तिची गट्टी जमली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ताईने तिला आडाळ्यावर बसून नारळ खवायला शिकवलं आणि तिने ताईला त्या चौघांची गाणी ऐकवली. मग ती मुलगी कायमची जायला निघाली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने आपली कॅसेट आणि आपलं छोटं यंत्र एका दिवसापुरतं ताईच्या हातात दिलं. ताई ते पंच्यात गुंडाळून दुपारच्या बसने घरी आली. संध्याकाळच्या बसने परत पोचवायचं होतं.

शेजारी बोटीवर काम करणारा एक तारवटी सुट्टीवर आला होता. त्याच्याकडे आवाज भरून घेणारा मोठा टेपरेकॉर्डर होता आणि एक कोरी कॅसेटही त्याने दिली. दोन यंत्रं जोडणारी वायर असते हे आमच्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा आमच्याकडे टेप उतरवायची पद्धत एकच. दोन यंत्रं जमिनीवर समोरासमोर ठेवायची, तोंडाला तोंड लावून, गाऱ्हाणी सांगत बसलेल्या दोन बायकांसारखी. खाली वाकळ घालायची, दारंखिडक्या लावायच्या, आणि एक गात असेपर्यंत घरातल्या झाडून सगळ्यांनी गप्प राहायचं. देवळातली भजनं आणि दशावतारी नाटकं गावात अशीच उतरवली जात. फक्त ती पुरुष उतरवत.

ताईने त्या दिवशी घराला हुकूम सोडले. आईने भांड्याला हात लावायचा नाही. कोंबड्या डालीखाली. तारवट्याचा कुत्रा कशावरही भुंकायचा, म्हणून मला त्याच्यापाशी पाठवलं, खाऱ्या मासळीचा तुकडा देऊन. त्याचा जबडा पाऊण तास कामात ठेवायची जबाबदारी माझी. शेवटी ताई बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, पाऊण तास घरात आवाज नको. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग खुंटीवरचा पंचा काढून खांद्यावर टाकला, आणि एक शब्द न बोलता मागच्या दाराने निघून गेले.

माझी खात्री पटली की संध्याकाळी काही खरं नाही. आमच्या घरात बाबा पेपर तपासायचे तेव्हा सगळे गप्प राहत. माझी परीक्षा असली की माझ्यासाठी गप्प राहत. ताईसाठी घर गप्प राहण्याची ती पहिलीच वेळ होती. तिचं नार्व्याला लग्न ठरलं होतं, पुढच्या महिन्यात ती जायची होती.

मी तारवट्याच्या काजूखाली कुत्र्याजवळ जाऊन बसलो. पिकलेल्या बोंडांचा आंबट वास, मधमाश्या, आणि अशी दुपार की झाडाची सावलीसुद्धा जागची हलत नव्हती. आमचं घर तिथून दिसत होतं, पण गाणं ऐकू येत नव्हतं. एवढी दारंखिडक्या लावलेलं घर मी दिवसाढवळ्या कधी पाहिलं नव्हतं. त्यात कुणीतरी झोपलंय आणि सगळ्या गावाला त्याची झोप मोडायची नाही, असं काहीसं मला वाटत राहिलं. कुत्रा मासळी खाऊन माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला, आणि बहुधा मीही झोपलो.

संध्याकाळी भांडण झालं नाही. बाबा जेवले, दोनदा खोकले आणि पेपर तपासायला बसले. लग्न तोंडावर आलंय म्हणून ताईला सोडलं असेल, असं मी धरून चाललो.

*

लग्न होऊन जाताना ताईने ती कॅसेट मला दिली. तारवट्याचा टेपरेकॉर्डर मागून आणून मी ती रोज दुपारी ऐकायचो. माझी परीक्षा कशी गेली हे सांगत नाही.

त्या कॅसेटवर चौघांबरोबर आमचं घरही होतं. पहिल्या गाण्यात कावळा ओरडतो. तिसऱ्यात कौलावर आंबा पडतो. मधेमधे ताईच्या बांगड्या वाजतात. हे सगळं घरचं, हे मला कळत होतं, आणि हळूहळू मी त्यातलं बँडचं काय नि घरचं काय हे वेगळं काढायला शिकलो होतो. शेवटच्या गाण्यात मात्र दोन गोष्टी होत्या ज्यांनी मला वेड लावलं. गिटार थांबते त्या श्वासाएवढ्या जागेत पावाच्या भोंग्याचा आवाज येतो. सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराचा असतो तसाच रबरी भोंगा. पण पुरा नाही. पों असा सुरू होतो आणि मधेच तुटतो. आणि गाणं विरत जातं तेव्हा खूप लांबून दोन ठोके ऐकू येतात. बोथट, तालाबाहेरचे. मग ताई कुजबुजते, "झाला", आणि खट्.

भोंगा घरचा असेल अशी शंका मला आली नाही असं नाही. पण मी गोव्याचा माणूस. पोदेर कधी अर्धा भोंगा वाजवत नाही. घरातून कुणीतरी टोपली घेऊन बाहेर येईस्तोवर तो वाजवतच राहतो, मेलेला माणूस उठून उंडे पाव घ्यायला येईल एवढा. तेव्हा तो अर्धा भोंगा खऱ्या पोदेराचा असूच शकत नव्हता. तो त्या चौघांनी मुद्दाम घातलेला होता. आणि इंग्लंडातल्या चौघांना पोदेराचा भोंगा कुठून ठाऊक? म्हणजे ते हरमलला येऊन राहिले असणार. माझं हे गणित मला इतकं पक्कं वाटायचं की सोळाव्या वर्षापासून चाळिशीपर्यंत मी ते पुन्हा तपासलं नाही.

पुढे मी पाळीच्या खाणीवर स्टोअरमध्ये लागलो आणि डिचोलीत बिऱ्हाड केलं. कॅसेट माझ्याबरोबर आली, टेपरेकॉर्डरही स्वतःचा आला. स्टोअरच्या खिडकीबाहेर लाल धूळ उडायची, ट्रक रांगेत उभे राहायचे, आणि आत हे चौघे गायचे. ट्रकवाले बहुतेक सावंतवाडी-कुडाळकडचे. त्यांतला एक रोज विचारायचा, ह्या माणसाचं एवढं कोण गेलंय. पण शेवटचं गाणं लागलं की तोच ट्रकचं इंजिन बंद करायचा.

बँडच्या बाकीच्या तबकड्याही मी एकेक मिळवल्या. मला त्या कशा वाटल्या ते सांगायलाच हवं, कारण माणसं ह्या बँडबद्दल एक तर आरती करतात नाहीतर शिव्या देतात. पहिल्या दोन तबकड्यांत त्यांना भूक आहे. गाणारा सुरात नाही, ड्रमवाला घाई करतो, पण चौघे एकमेकांच्या अंगावर पडत पुढे जातात, जत्रेत वाट काढावी तसे. मग त्यांना नाव मिळालं आणि ते सुधारले. वाद्यं वाढली, गाणी लांबली, गाणारा डोळे मिटून गायला लागला हे टेपवरसुद्धा कळतं. मधल्या तीन तबकड्या मला आजही सोसत नाहीत. लोक त्यांना शिखर म्हणतात. मला तिथे चार माणसं आरशासमोर उभी दिसतात. आणि शेवटची ही, चौघांचं फाटल्यावरची. चौघे एकत्र बसायलाही तयार नव्हते म्हणतात. एकाने सकाळी येऊन वाजवायचं, दुसऱ्याने दुपारी, मग कुणीतरी सगळं जोडायचं. तिला सगळे उतार म्हणत होते. मी एकटा म्हणायचो, हीच सगळ्यांत मोठी, कारण फक्त हिच्यात त्यांनी दार उघडलं आणि बाहेरचं जग आत घेतलं.

हे मी एका छोट्या साप्ताहिकात लिहिलं. दर आठवड्याला मी तिथे संगीतावर काहीबाही लिहायचो. लेखात हरमल होतं, अर्धा भोंगा होता, शेवटचे तालाबाहेरचे दोन ठोके होते. पाव जसा पूर्ण भाजण्याआधी भट्टीतून काढावा तसा त्यांनी तो भोंगा अर्ध्यावर काढला आहे, असं एक वाक्य मला विशेष आवडलं होतं. ते आठवलं की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

लेख वाचून पणजीहून बोलावणं आलं. तिथे काही शिकलेली माणसं महिन्यातून एकदा जमून जुन्या तबकड्या ऐकत. मी कडक इस्त्रीचा सदरा घालून गेलो आणि अर्धा तास बोललो. मग यजमानाने त्या तबकडीची मूळ प्रत काढली, मऊ फडक्याने पुसली आणि शेवटच्या गाण्यावर सुई ठेवली. गिटार थांबली तेव्हा मी बोट वर केलं, आता ऐका म्हणून. गिटार पुन्हा सुरू झाली. माझं बोट वरच राहिलं. शेवटी ठोकेही आले नाहीत. माणसं सभ्य होती. चहा देताना तेवढं एकाने विचारलं, सोबत पाव घेणार का. तेव्हा सगळे हसले, आणि मीही हसलो.

*

त्यानंतर आठवड्याभरात भाऊबीज आली. मी नार्व्याला ताईकडे गेलो. नदीकाठचं घर, मागे भाताचं शेत, जवळच सप्तकोटेश्वराचं देऊळ. ताईने पाट मांडला, रांगोळी काढली, मला ओवाळलं. तिची सासू, भावजी, मुलं सगळी बसलेली. मी ताटात साडी ठेवली आणि साडीवर ती कॅसेट ठेवली.

"ही ठेव तुझी," मी म्हटलं. "हिच्यान चार शिकलेल्या लोकांत माझा हसा केल्यान. तुका एक दार धड लावूक जमला नाय."

निरांजन तसंच जळत होतं. ताईने कॅसेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या ओठांवर काहीतरी येऊन थांबलं हे मला दिसलं होतं. पण मला रागच इतका आला होता की मी ते बोलायला तिला वेळ दिला नाही, पाटावरून उठलो. ताईने ताट उचललं आणि आत गेली.

घरी येऊन मी दुसरा लेख लिहिला. त्या तबकडीत जीव नाही, ती चार थकलेल्या माणसांची हजेरी आहे, असं लिहिलं. पहिल्या लेखापेक्षा हा लोकांना जास्त आवडला. त्यानंतर मी दर भाऊबीजेला ताईकडे गेलो, तिने ओवाळलं, मी साडी दिली, जेवलो, भावजींशी खाणींबद्दल बोललो. गाण्याचा विषय ना तिने काढला ना मी. ज्या माणसाने मला ऐकायला शिकवलं त्याच्याशी मी तेवढं एक सोडून सगळं बोलत होतो. मग खाणी बंद पडल्या, मी घरी बसलो, आणि एका दुपारी भाच्याने माझ्या कानांत बोंडं खोवली.

*

माझा जुना टेपरेकॉर्डर मी डिचोलीच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पट्टा बदलून दिला आणि मला वर विचारलं, आता ह्यावर ऐकणार काय. मी म्हटलं, तेच बघायला चाललोय.

नार्व्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ताई अंगणात कोकमं वाळत घालत होती. भावजी शेतात, सून माहेरी. मी तिच्या उजव्या बाजूला बसलो, म्हणजे ऐकू येईल. वाटेत मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरलो.

"ताई, चुकला माझा," मी म्हटलं.

तिने कोकम उलटं केलं. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. मग तिसऱ्यांदा, एवढ्या मोठ्याने की शेजारीण कुंपणावरून डोकावली आणि शेतात भावजींनी मान वळवली. अर्ध्या नार्व्याने माझी माफी ऐकली.

"पयल्याच खेपेक आयकलंय मी," ताई म्हणाली. "बरा वाटला म्हणान गप ऱ्हवलंय."

ती उठून आत गेली आणि तांदळाचा लहान डबा घेऊन आली. तांदळात हात घालून तिने कॅसेट काढली. आमच्याकडच्या दमट हवेत फितीवर बुरशी चढते, तिने ती इतकी वर्षं तांदळात राखली होती, आणि दर पावसाळ्यानंतर तांदूळ बदलले होते. मी ती यंत्रात घातली.

ऐकू येत नव्हतं तिला फारसं. यंत्राच्या जाळीवर तिने तळहात ठेवला आणि तशीच बसून राहिली, तापाच्या मुलाचं कपाळ बघावं तशी. कावळा ओरडला, आंबा पडला, बांगड्या वाजल्या. सोळाव्या वर्षीची दुपार त्या अंगणात हळूहळू भरत गेली आणि मला कळेना आपण पेडण्यात आहोत की नार्व्यात. भाच्याच्या फोनवर मी जी तबकडी ऐकली होती तिच्यात काही कमी नव्हतं. वाजवणारे तेच, स्वच्छ, चोख. पण ते चौघे एकमेकांशिवाय वाजवत होते, कुणीच कुणासाठी थांबलेलं नव्हतं, आणि ते ऐकू येतं. मी दुसऱ्या लेखात लिहिलं होतं ते अगदीच खोटं नव्हतं. पण ताईच्या कॅसेटवर तेच गाणं मला रडवत होतं, आणि ते तसं का, हे मला ह्या वयातही सांगता येत नव्हतं.

गिटार थांबली. पों. तुटला.

मी ताईला बोटाने खूण केली, पोदेर येऊन गेला. तिने मान डोलवली. मग मी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, तो प्रश्न मोठ्याने विचारला. पोदेर होता तर मग भोंगा अर्धाच का?

"बाबांनी धरल्यानी तेका," ताई म्हणाली.

मी टेप थांबवली.

तिने सांगितलं ते असं. बाबा रागाने गेलेच नव्हते. आपला खोकला टेपेत येईल म्हणून ते गोठ्याच्या पलीकडे, फणसाखाली जाऊन उभे राहिले होते, तोंडावर पंचा धरून. खिडकीच्या फटीतून ताईला ते दिसत होते. पाऊण तास होत आला तरी ते तिथून हलले नव्हते. पोदेराची वेळ झाली हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने दारात सायकल थांबवून भोंगा दाबला मात्र, आणि आमचे बाबा, जे शाळेची घंटा झाली तरी कधी धावले नाहीत, अनवाणी धावत आले आणि त्यांनी पोदेराचा हात भोंग्यावरून उचलला. दोघे तसेच उभे राहिले. पोदेर हसत होता, बाबा त्याला गप्प राहा म्हणून खुणावत होते. मग धावल्यामुळे त्यांना खोकला अनावर झाला. तेव्हा तोंड दाबून ते पुन्हा गोठ्याकडे पळाले, आणि तिथे पोचल्यावर दोनदा खोकले.

"ते ठोके," मी म्हटलं.

"ते बाबा," ती म्हणाली.

मी आयुष्यभर समजत आलो की हे गाणं मी बाबांच्या नाकावर टिच्चून ऐकलं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. तर बाबांनीच तिला बजावलं होतं.

"तेका सांगा नको म्हणाले. तो परीक्षा सोडून ह्याच आयकत बसतलो." ती हसली. "मगे बाबा गेले. मगे तू शाणो झालंस. भाऊबिजेक सांगतलंय होतंय, पण तू उठलंस पाटावरसून."

नदीवरून फेरीबोटीचा आवाज येत होता, तिला तो येत नसावा. मी फीत थोडी मागे नेली आणि पुन्हा लावली. ताईने जाळीवर हात ठेवला. गिटार चालली, थांबली. पों. तुटला. ह्या वेळी मला त्या तुटलेल्या जागेत अनवाणी पावलं ऐकू आली असं वाटलं, पण तो माझा भास असेल. गाणारा शेवटचा शब्द लांबवत गेला, एकेक वाद्य गळत गेलं, आणि आवाज इतका बारीक झाला की ताईच्या तळहातालाही तो लागेनासा झाला असावा. तिने हात उचलून माझ्याकडे पाहिलं.

"झाला?" तिने विचारलं.

मी तिचा हात धरून परत जाळीवर ठेवला आणि तिच्या उजव्या कानाशी वाकलो.

"नाय," मी म्हटलं. "आजून बाबा येवचे आसत."